पालथा कागद

आमचे लखनौचे घरमालक लिहून झालेला कागद नेहमी पालथा ठेवायचे. मी एकदा विचारलं, "काका, शाई पुसली जाईल ना?" तर म्हणाले, "वर तोंड करून ठेवला की आतली माणसं टकाटका बघत बसतात, सूनबाई. दमलेली असतात बिचारी. पडू द्यावं." आणि हे अगदी सरळ चेहऱ्यानं. मी वर येऊन ह्यांना सांगितलं आणि पोट धरधरून हसले. त्या माणसावर मी तेवढ्या मोकळेपणानं पुन्हा कधी हसले नाही.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. ह्यांची बदली लखनौच्या सरकारी कारखान्यात झाली आणि आम्ही इंदिरा नगरात वरचा मजला भाड्यानं घेतला. जिना बाहेरून होता, गल्लीतून थेट आमच्या दारात, अठरा पायऱ्यांचा. खाली मालक एकटे. त्यांच्या व्हरांड्याला तीन पायऱ्या. मी कऱ्हाडची, बी.एस्सी. केमिस्ट्री, दोन वर्षं हायस्कुलात शिकवलेलं. मराठी घरमालक मिळाला म्हणून आनंदानं उडायचीच बाकी होते.

मराठी म्हणजे काय, त्यांचे आजोबा कधीतरी झाशीहून आलेले. तीन पिढ्यांत भाषेला लखनौचं पाणी लागलं होतं. स्वतःला 'आम्ही' म्हणायचे. "आम्ही आता अंघोळ करून येतो." मला वाटे, बरोबर आणखी कोण कोण जाणार आहे! तीस वर्षं एका सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेली होती, म्हणून सगळी गल्ली त्यांना नक्शेवाले बाबूजी म्हणायची. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर ते गोष्टी लिहायला लागले.

गोष्टी कसल्या, तर पुराणातल्या. पण घडायच्या आमच्याच गल्लीत. यम यायचा तो रेशनच्या दुकानाच्या रांगेत उभा राहायचा. त्याचा रेडा कोपऱ्यावरच्या सब्जीवाल्याच्या ठेल्याला बांधलेला, आणि सब्जीवाला यमाशी भांडतोय की माझी पालक खाल्ली, आता पैसे कोण देणार. रविवारी सकाळी व्हरांड्यात ते हे वाचून दाखवायचे, गल्लीला हिंदीत आणि मग खास आमच्यासाठी मराठीत. लोक खदखदून हसायचे. सब्जीवाला भैया तर आठवडाभर सांगत फिरत होता, "हमारी पालक यमराज खा गए!"

लिहिण्याआधी ते टेप घेऊन निघत. गल्लीची रुंदी, गटाराची खोली, खांबापासून वकीलसाहेबांच्या फाटकाचं अंतर, सगळं मापून वहीत. आमच्याकडे येऊन जिन्याच्या पायऱ्या मोजून गेले, शिवाय मला विचारलं की दार उघडताना कडी वाजते का. मी म्हटलं, "अहो काका, तुमच्या गोष्टीत देव येणार, त्याला कडीशी काय करायचंय?"

"देव खरा वाटायचा असेल तर आधी दूधवाला खरा लागतो," ते म्हणाले. "लोक म्हणतात पुराणं खोटी. खोटी नाहीत हो. त्यांना पत्ता नाहीये, बस. आम्ही पत्ता देतो. आणि माणूस आम्ही खोटा घालत नाही. खोटं नाव आत चालत नाही, ते लगेच ओळखतात."

"ते म्हणजे कोण?"

"आत येतात ते."

मी 'अच्छा' म्हटलं आणि पोळ्या करायला गेले.

मग तो हापशाचा प्रकार झाला. समोरच्या वकीलसाहेबांच्या अंगणात हापसा होता, अर्धी गल्ली तिथं पाणी भरायची. एका रविवारी काकांनी वाचलं, की त्या हापशाच्या नळीला खाली एक नाग विळखा घालून बसलाय, वकीलसाहेब बोलतात फार आणि त्याची झोप मोडते म्हणून त्यानं पाणी आवळून धरलंय. वकीलसाहेबांसकट सगळे हसले. पंधरा दिवसांनी हापसा कोरडा पडला. मिस्त्रीनं नळी उपसून काढली तर सातव्या का आठव्या फुटावर तिला नागाची कात गुंडाळलेली.

मे महिन्यात हापसे आटतात, हे मला कळत होतं. रिकाम्या प्लॉटांवर साप होते, हेही कळत होतं. मी तसं सगळ्यांना बजावून सांगितलं. पण त्यानंतर रविवारी व्हरांड्यात माणसं कमी होत गेली. वकीलीणबाई मला म्हणाल्या, "आप लोग ऊपर कैसे रह लेते हैं, बहनजी?" काकांना मात्र नवल वाटलेलं दिसलं नाही. वाईट वाटलेलं दिसलं. आपल्या हातून चहाचा कप फुटावा तसे ते ती कात हातात धरून कितीतरी वेळ उभे होते.

त्याच वर्षी मला दिवस राहिले. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला सक्त मनाई केली, म्हणून माहेरी जायच्याऐवजी आईच कऱ्हाडहून आली. नोव्हेंबरात मनू झाली. सहाव्या दिवशी आईनं सटवाईची पूजा मांडायला घेतली. आपल्याकडे असते तीच, पाटा-वरवंटा, हळदकुंकू, दिवा, आणि सटवाईनं बाळाचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि लेखणी. पाटा काकांनी दिला, म्हणजे त्यांच्याकडचा सिलबट्टा. संध्याकाळ व्हायला आली आणि आईच्या लक्षात आलं, घरात कोरा कागद नाही. होते ते ह्यांच्या कारखान्याचे छापील फॉर्म. "छापील नशीब नको गं बाई माझ्या नातीला," आई म्हणाली. बाजार लांब, दिवेलागणीची वेळ टळत होती. हे म्हणाले, खाली काकांकडे कागदांचे ढीग आहेत, आणतो.

काका अंघोळीला गेले होते. ह्यांनी दारातून हाक मारली, "काका, एक कोरा कागद नेतो." आतून आवाज आला, "हाँ हाँ, ले जाइए." टेबलावर ढिगात सगळ्यात वर एक स्वच्छ पांढरा कागद होता. तो हे घेऊन आले.

सकाळी आईनं पूजा उतरवली. कागद उचलून कपाळाला लावला आणि उलटा केला. मी मनूला पाजत होते. आईचा चेहरा बघून मला वाटलं, हिला चक्कर येतेय.

मागच्या बाजूला काकांच्या नकाशातल्यासारख्या बारीक, सरळ अक्षरात चारच ओळी होत्या. मराठीत. मला त्या पाठ आहेत. 'पाच वर्षं पुरी व्हायच्या आधीच्या पावसाळ्यात नदी गल्लीत आली. तिने अठरा पायऱ्या मोजल्या. दारात मुलगी उभी होती. नदी म्हणाली, चल.'

"कुणी आणला हा?" आई एवढंच म्हणाली. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मी ओली बाळंतीण, पण तशीच भिंत धरत खाली गेले. काका दाढी करत होते. कागद बघितला आणि वस्तरा त्यांच्या हातातून खाली पडला. "हे आम्ही उन्हाळ्यात लिहिलेलं. तुमच्या घरी बाळ होणार आहे हेसुद्धा आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. वर मुलगी नव्हतीच, म्हणून ती गोष्ट अडली होती. म्हणून ढिगात वर ठेवलेली." आणि मग, माझ्याकडे न बघता, "आता मुलगी आली."

मी त्यांना काय नाही बोलले! जळले मेले तुमचे कागद, म्हणाले. फाडून टाकते म्हणाले. तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "फाडू नका. सटवाईपुढं रात्रभर राहिलाय तो. आता तो आमचा नाही राहिला."

आईचंही तेच मत. जाळायचा नाही, फाडायचा नाही. एरवी असा कागद नदीत सोडतात, पण नदीच त्यात बसलेली! शेवटी आईनं तो पिवळ्या कापडात गुंडाळून माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवला आणि कऱ्हाडला परत जाताना ट्रंकेची किल्ली माझ्या मंगळसूत्राला बांधून गेली.

आम्ही घर का बदललं नाही, असं मला सगळे विचारतात. बदलणार होतो. शहराच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन घरं बघून आलो. काका म्हणाले, "जा. पण नदी मुलीला शोधत नाहीये, अठरा पायऱ्यांना शोधतेय. इथं निदान आम्ही खाली आहोत." कोणती शहाणी बाई हे ऐकून घेईल? मी घेतलं. जिथं जिथं घर बघायला गेलो तिथं मी आधी जिन्याच्या पायऱ्या मोजायची, आणि दोन ठिकाणी त्या अठरा निघाल्या. मग मी बघणंच सोडलं.

काकांनी त्या दिवसापासून लिहिणं बंद केलं. रविवारची बैठक संपली. सब्जीवाल्यानं विचारलं, "बाबूजी, अब कौन आ रहा है मोहल्ले में?" तर म्हणाले, "कोई नहीं. दरवाज़ा बंद कर दिया." मला वाटलं, बरं झालं, सुटलो. पण ते सुटल्यासारखे दिसत नव्हते. एकदा मला म्हणाले, "दारात पाहुणा उभा करून आपण आत जाऊन बसलोय, सूनबाई. असं फार दिवस चालत नाही."

मनू मोठी होत गेली ती त्यांच्याच व्हरांड्यात. मराठी सगळं कळायचं तिला, बोलायची मात्र हिंदीत. त्यांना नाना म्हणायची. ते तिला गल्लीचा नकाशा काढायला शिकवायचे, उत्तर कुठं, दक्षिण कुठं. कुणीतरी तिला सांगितलं की नाना आधी गोष्टी लिहायचे आणि त्यात गल्लीतली सगळी माणसं असायची. झालं! रोज मागे लागायची. "नाना, मुझे भी कहानी में डालो ना." ते म्हणत, "तू नहीं, बेटा. तुझको नहीं." ती पाय आपटून वर यायची. मी वरून सगळं ऐकत असे.

दर पावसाळ्यात ते आमच्या जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर खडूनं रेघा मारायचे. पाणी कुठवर आलं, तारीख, वेळ. पहिल्या वर्षी गल्लीत पाणी आलंच नाही. दुसऱ्या वर्षी घोटाभर. तिसऱ्या वर्षी पहिली पायरी भिजली आणि उतरलं. चौथ्या वर्षी काहीच नाही. मी देवापुढं बसून बोटं मोजायची. ऑगस्ट, सप्टेंबर गेले की वर्षभर श्वास घ्यायचा, पुन्हा जून.

पाचव्या पावसाळ्यात, मनूला पाच पुरी व्हायला तीन महिने असताना, सलग तीन दिवस झड लागली. कुकरैलचा नाला भरला, गटारं उलटी वाहायला लागली. दुसऱ्या दिवशी काकांच्या तिन्ही पायऱ्या बुडाल्या आणि पाणी त्यांच्या घरात शिरलं. हे खाली जाऊन त्यांना वर चला म्हणून विनवत होते. ते येईनात. खुर्चीवर बसून, पाय पाण्यात, म्हणाले, "आम्ही वर आलो तर ती मागोमाग येईल."

तिसऱ्या दिवशी हे कारखान्यात अडकून पडले. दुपारी तीनच्या सुमाराला मी स्वैंपाकघरातून बाहेर आले तर दार उघडं. मनू वरच्या पायरीवर उभी. खाली आमच्या जिन्याची सहावी पायरी पाण्यात. मातकट, संथ पाणी. ती एकटक बघत होती.

"मनू, आत ये."

"मम्मी, पानी गिन रहा है," ती म्हणाली. "छह तक आ गया. मुझे चलने को बोल रहा है."

आम्ही तिला त्या कागदाचं कधी एक अक्षर सांगितलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

मी तिला ओढून आत टाकलं, बाहेरून कडी घातली. ट्रंक उघडली, पिवळं कापड पदरात बांधलं आणि जिना उतरले. कमरेभर पाणी. वर मनू आतून दार बडवत होती. काका तसेच खुर्चीवर, टेबल विटांवर चढवलेलं, टेबलावर दौत-टाक. वाट बघत असल्यासारखे.

"लिहा," मी ओरडले. "पुढचं लिहा. तिला दारातून आत घ्या. नदीला परत पाठवा!"

"रिकाम्या हातानं ती जात नाही, सूनबाई. कुणीतरी खरं लागतं."

"मग कुणाचंही लिहा!"

हे मी म्हणाले. मीच म्हणाले. ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. मग कापड सोडून त्यांनी कागद टेबलावर सरळ केला, चष्मा पुसला, नकाशावर करायचे तसा एक हात दुसऱ्या हातानं धरला आणि काहीतरी लिहिलं. फार लिहिलं नाही, चार-दोन शब्द असतील. फुंकर घालून कागद पालथा केला आणि माझ्या हातात दिला.

"बघू नका आता. ट्रंकेत पालथा ठेवा. सुकू द्या."

मी बघितलं नाही. बघायचं नव्हतंच मला. वर आले, ट्रंकेला कुलूप लावलं आणि मनूला छातीशी धरून बसले. सहाव्या पायरीवरचं पाणी तासाभरात पाचवीवर आलं, संध्याकाळपर्यंत चौथीवर. दुसऱ्या दिवशी गल्ली दिसायला लागली. नुसता चिखल.

काका खोकत होते. वरपर्यंत ऐकू यायचं. हे जाऊन कोरडे कपडे देऊन आले, डॉक्टरला घेऊन आले. मी गेले नाही. चार दिवस मी त्यांना कपभर काढासुद्धा नेऊन दिला नाही. मला भीती वाटत होती की ते म्हणतील, सूनबाई, तो कागद आणा, बदलायचाय. त्यांचा विचार बदलला तर? त्यांचा खोकला ऐकत मी दाराला आतून कडी घालून बसले. चौथ्या दिवशी ह्यांनी त्यांना इस्पितळात नेलं. पाचव्या दिवशी ते गेले. न्यूमोनिया. सत्तरी उलटलेला माणूस, दोन दिवस गटाराच्या पाण्यात पाय सोडून बसलेला. त्यात न समजण्यासारखं काय आहे?

हे इस्पितळातून आले आणि म्हणाले, "शुद्धीत होते शेवटपर्यंत. तुला निरोप दिलाय. म्हणाले, शाई सुकली असेल."

तरी मी ट्रंक उघडली नाही. नोव्हेंबरात मनूला पाच पुरी झाली, वाढदिवसाला मी गल्लीभर पेढे वाटले. पुढच्या मे महिन्यात ह्यांची बदली झाली आणि सामान बांधायला घेतलं तेव्हा मात्र ट्रंक उपसावीच लागली. पिवळं कापड हाताला लागलं. मनू शेजारी बसून खेळणी भरत होती. मी कागद उलटा केला.

नवी ओळ एकही नव्हती. नकाशातली चूक सुधारावी तशी दोनच ठिकाणी बारीक दुरुस्ती. 'अठरा'वर आडवी रेघ, वर 'तीन'. 'मुलगी उभी होती'वर रेघ, वर 'म्हातारा बसला होता'. बस. 'नदी म्हणाली, चल' हे तसंच ठेवलं होतं.

पत्ता बदलला होता त्यांनी. आणि मी जेव्हा 'कुणाचंही' म्हणाले, तेव्हा मला ठाऊक होतं. खोटं माणूस ते घालत नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि त्या खोलीत माझ्याखेरीज खरं माणूस एकच होतं. मी माझं नाव घ्या म्हणाले नाही.

मनूनं माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. अजून धड वाचता येत नव्हतं तिला, पण अक्षर ओळखलं. "ये नाना का है! मम्मी, नाना ने मुझे कहानी में डाला था?"

"नाही गं राणी," मी म्हणाले. "काढलं. तुला त्यातून काढलं."

तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं मागे लागली होती बिचारी. "फिर नाना बहुत गंदे हैं," म्हणाली आणि खेळणी तिथंच टाकून आतल्या खोलीत रुसून बसली.

मी कागद पालथा करून ट्रंकेत ठेवला. मग जिना उतरून खाली गेले आणि पाण्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या तीन पायऱ्यांवर बसून मोठ्यानं रडले.